अंगठ्याची शिवण

मावशी: तिथंच थांबव. जरा मागं ने आणि परत लाव.

घारी: ही चौथी वेळ आहे, मावशी. तुझा आवाज नाही गं ओळखू येत. मी तो इतका खाली ओढलाय की सर्दी झालेला हवालदार बोलतोय असं वाटतं.

मावशी: हवालदाराचं सोड. तो बोलतोय त्याच्या मागं काय वाजतंय?

घारी: मशीन. तू कारखान्याचं काम घरी आणून शिवत होतीस ना तेव्हा. मी म्हटलंसुद्धा होतं, पाच मिनिटं बंद ठेव. तूच म्हणालीस, हात थांबला की माझं तोंडही थांबतं.

मावशी: म्हणाले होते खरी. आता नीट ऐक. टर्रर्र, टर्रर्र, मग थांबलं. मग टक, टक, टक, एकेक. परत टर्रर्र. आणि शेवटी दोनदा मागं. ऐकलंस?

घारी: ऐकलं. त्यात काय? आमच्या सरांना तर तेच आवडलं. म्हणाले, मागच्या मशीनमुळे मुलाखतीत जीव आलाय.

मावशी: मुलाखतीत आला, माझा चाललाय. अगं, तो अंगठा आहे.

घारी: कसला अंगठा?

मावशी: हातमोज्याचा. चार बोटं कुणीही शिवतं, सरळ रेघ असते. अंगठ्याला वळण असतं. चामडं जाड, सुई तापलेली, तिथं प्रत्येक बाई आपापल्या परीनं वळते. कुणी एका दमात ओढते, कुणी दोनदा पाय उचलते. मी तीन टाके एकेक करून टाकते. बावीस वर्षं झाली, तेच. आमचा मास्तर लाइनीकडं पाठ करून कागद चाळत बसलेला असतो, आणि मान न वळवता म्हणतो, सात नंबर, आज घाई आहे का कुठं जायची? एकदाही चुकलेला नाही.

घारी: म्हणजे नुसतं मशीन ऐकून कळतं, कोण शिवतंय ते?

मावशी: तू माझं तोंड झाकलंस, घारे, आणि पाय उघडे ठेवलेस.

घारी: मला हे माहीतच नव्हतं गं.

मावशी: तुला कुठून असणार? मला होतं ना! मी घरात बसून कारखान्याचं बिंग फोडत होते आणि वर त्याला स्वतःच्या पायानं ठेका देत होते. इतकी कशी मी येडी?

घारी: पण कारखान्याचं नाव कुठंच नाहीये. गावाचं नाही, तुझं नाही. मी तीन वेळा तपासलंय.

मावशी: दाराचं काय? इस्त्रीच्या खोलीत धूर झाला, अकरा जणी मागच्या दाराला धडका देत होत्या, दाराला कुलूप, किल्ली वॉचमनच्या खिशात आणि वॉचमन जेवायला गेलेला. अशी दारं शंभर कारखान्यांना असतील. पण आमच्या मालकाला त्याचं स्वतःचं दार ओळखू येणार नाही होय?

घारी: मग तू बोललीस कशाला?

मावशी: कारण महिना झाला तरी कुलूप तिथंच होतं. आणि तू म्हणालीस, वर्गात तीस मुलं ऐकणार, सर मार्क देणार, विषय संपला. मी म्हटलं, तीस पोरांना सांगून का होईना, मनातलं बाहेर तरी पडेल. असं खाली काय बघतेस?

घारी: काही नाही.

मावशी: तुझ्या आईची हीच खोड. लहानपणी बरणी फोडली की फरशीशी बोलायची. वर बघ.

घारी: वर्गात तीसच होते. पण बक्षीस मिळालं ना, म्हणून सरांनी ते कॉलेजच्या पानावर टाकलं. मला विचारलं होतं त्यांनी. मी हो म्हटलं.

मावशी: पानावर म्हणजे? कुणालाही ऐकता येतं?

घारी: हो.

मावशी: किती जणांनी ऐकलं?

घारी: काल संध्याकाळपर्यंत साडेसहा हजार.

मावशी: साडेसहा हजार! अगं, आमच्या अख्ख्या कारखान्यात साठ बायका आहेत. त्यातल्या दहा बहिऱ्या झाल्यात.

घारी: मला वाटलं, तुला एकदम सांगू, तू खूश होशील.

मावशी: झाले हो खूश.

घारी: मावशी, अजून एक आहे. ओरडू नकोस. आज सकाळी त्याच्या खाली कुणीतरी लिहिलंय. नाव नाही, फोटो नाही.

मावशी: काय लिहिलंय?

घारी: ‘अंगठा चांगला वळतो. आता जपून.’ मला काही अर्थच लागला नव्हता, आत्ता तू बोललीस तेव्हा... मावशी? अशी काय बघतेस? पाणी देऊ?

मावशी: दार लाव.

घारी: लावलेलंच आहे.

मावशी: कडी घाल. खिडकीपण ओढून घे.

घारी: घातली. कोण आहे हा माणूस?

मावशी: मास्तर. मला कामावर घेतलं त्या दिवशी त्यानं एक मोजा शिवून घेतला होता. उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, अंगठा चांगला वळतो. त्यानंतर बावीस वर्षांत कौतुकाचा शब्द नाही.

घारी: ही धमकी आहे का?

मावशी: काय माहीत? त्या माणसाची माया आणि धमकी एकाच सुरात असते. शिंकला तरी बायका दचकतात.

घारी: मी सरांना फोन करते. काढायला लावते आत्ताच्या आत्ता.

मावशी: काढ. पण ज्याच्या कानात गेलंय, तिथून कसं काढशील?

घारी: आणि मला तीन वाजेपर्यंत मनोगत द्यायचंय. प्रकल्पातून काय शिकलात, पाचशे शब्दांत.

मावशी: लिहिलंस?

घारी: लिहिलंय. आता नको पण.

मावशी: वाच गं. तेवढाच जीव दुसरीकडं लागेल.

घारी: ‘या प्रकल्पाने मला श्रमिकांच्या दबलेल्या आवाजाशी जोडले. एका निर्भय श्रमिक स्त्रीने...’

मावशी: श्रमिक स्त्री कोण?

घारी: तू.

मावशी: बरं. आणि निर्भय?

घारी: तूच.

मावशी: मी भरदुपारी कडी घालून बसलेय. खोड ते.

(फोन वाजतो.)

घारी: तुझा आहे. ‘डावरी’ असं येतंय.

मावशी: डावरी? ती पहिल्या पाळीला असते, माझ्या शेजारच्या मशीनवर. आत्ता तिला फोन कसा करता येईल? फोन तर फाटकावर काढून घेतात. उचल. नाही, थांब. उचल, उचल. मोठ्यानं लाव पण हळू बोल.

डावरी: ताई? एकट्या आहात?

मावशी: भाची आहे, घरचीच. कुठून बोलतेस? आवाज घुमतोय.

डावरी: संडासातून. फोन कमरेला खोचून आणला आज. नळ सोडलाय. ऐका, वेळ नाही. सकाळपासून एकेकीला ऑफिसात नेतायत. तिथं एक मशीन आणून ठेवलंय. मालक कानात वायर घालून बसलेत. म्हणतात, एक अंगठा शिव.

मावशी: मास्तरनं सांगितलं त्यांना?

डावरी: नाही, मालकांच्या पोरानं. म्हणे, मागं मशीन वाजतंय, जुळवून बघू. मास्तर कोपऱ्यात उभे होते. मान खाली. एक शब्द नाही बोलले.

मावशी: मग? तू शिवलास?

डावरी: शिवला. मालकांनी कानातलं काढलं आणि म्हणाले, हीच.

मावशी: देवा.

डावरी: माझी शिवायची चाल तुमचीच ना. डाव्या हातानं मला जमेना, तेव्हा तुम्ही मागं उभं राहून माझ्या पायावर पाय ठेवून शिकवलीत. ते तीन टाके, एकेक. मी सांगितलं, साहेब, मी कुणाशी काहीच बोलले नाही. तर म्हणाले, सगळ्या असंच म्हणतात. दोन वाजता कागदावर सही करायची आणि जायचं. वर म्हणाले, बघतो तुला कोण उभं करतं दारात.

मावशी: माझं नाव घेतलंस?

डावरी: कसं घेईन? ताई... तुम्हीच होतात का त्यात?

मावशी: नळ अजून सोड. बाहेर ऐकू जाईल.

डावरी: बरं. सोडला.

मावशी: सही लगेच करू नकोस. चष्मा नाही म्हण, काहीही म्हण.

डावरी: बघते. आणि एक सांगायचं होतं. मागच्या दाराचं कुलूप आज काढलंय. मी हात लावून बघितलं. ढकललं तर उघडलं, बाहेरचा वारा आला आत. जी कुणी बोलली, तिला कळलं तर बरं, म्हणून सांगितलं. ठेवते. दार वाजवतायत.

घारी: ठेवला तिनं. मावशी, तू सांगितलं का नाहीस तिला?

मावशी: तिनं विचारलं आणि मी तिला नळ सोडायला सांगितलं. ऐकलंस ना तू? नळ!

घारी: घाबरलीस तू.

मावशी: घाबरले. अजून घाबरलेलीच आहे. पन्नाशीच्या बाईला नव्या मशीनवर कोण बसवतं? मला अंगठा सोडून दुसरं काही येत नाही गं. आणि तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस, ती तिथं बसल्या बसल्या जेवण सोडेल.

घारी: तुझी पाळी दोनची आहे. तुलाही बसवतील का त्या मशीनवर?

मावशी: आता कशाला बसवतील? त्यांना सापडली ना. आणि बसवलं तरी... हे हात बघ माझे.

घारी: केवढे कापतायत!

मावशी: असे कापले की अंगठा वळत नाही. टाके कुठल्या कुठं पडतात, पाय अडखळतो. असं शिवलं तर मास्तरसुद्धा म्हणणार नाही, ही सात नंबर म्हणून.

घारी: मग चांगलंच आहे की! बसवलंच तर अशीच बस. कापत कापत शिव. काही जुळणार नाही. तू सुटशील, मावशी!

मावशी: हो. सुटेन.

घारी: मग झालं तर.

मावशी: आणि डावरी सही करेल.

(घारी हातातला फोन पालथा ठेवते.)

मावशी: बोल की. साडेसहा हजारांना ऐकवलंस, आता मला ऐकव काहीतरी.

घारी: मी येते तिथं. सांगते मालकांना, चूक माझी आहे, मी रेकॉर्ड केलं.

मावशी: ते विचारतील, कुणाचं केलं? मग काय सांगशील?

घारी: मग तू नुसतं सांग ना, मी बोलले, डावरी नव्हती.

मावशी: म्हणतील, चेलीला वाचवायला आलीय. तिला तर काढतीलच, खोटं बोलली म्हणून मलाही काढतील. पुरावा काय त्यांच्याकडं? कान. मग कानालाच पटायला पाहिजे. शेवटचं तेवढं परत लाव.

घारी: हे? दोनदा मागं जातं ते?

मावशी: हां. मी शिवण पक्की करायला दोनदा मागं घेते. डावरी एकदाच घेते. डाव्या हाताला चामडं धरून दुसऱ्यांदा मागं यायला जागाच मिळत नाही. मालकाला ते कळलं नाही. त्यानं तीन टाके ऐकले आणि खूश झाला. मास्तरला मात्र पहिल्या फटक्यात कळलं असणार.

घारी: मग तो गप्प का राहिला?

मावशी: डावरी नाही म्हटलं असतं, तर मग कोण, ते सांगावं लागलं असतं.

घारी: म्हणजे ते ‘जपून’...

मावशी: मला होतं. तो मला वाचवायला गेला आणि त्या पोरीच्या मानेवर आलं. त्या माणसाला अंगठा सोडून काही धड जमत नाही.

घारी: मावशी, जाऊ नकोस. मला खूप भीती वाटतेय. ती सही करेल, पण ती तरुण आहे, तिला दुसरीकडं मिळेल काहीतरी...

मावशी: हेच मी मघापासून मनात म्हणतेय. दहा वेळा म्हणून झालं. पण दर वेळी तो नळ ऐकू येतो.

घारी: मग मी मनोगतात काय लिहू?

मावशी: लिही, की मशीन बंद करायला लावायला हवं होतं. पाचशे शब्द नाही भरायचे, पण खरं तरी असेल. आता सांग, बस किती वाजता?

घारी: सव्वाला.

मावशी: आणि आत्ता?

घारी: एक वाजायला पाच कमी.

मावशी: मग वीस मिनिटं आहेत. ये, इथं बस. माझे हात धर.

घारी: गार पडलेत गं.

मावशी: घट्ट धर. हे थांबले पाहिजेत. तिथं मला माझ्यासारखंच शिवता आलं पाहिजे.