काकांचा एक घोट

तोरणमाळच्या रिसॉर्टवरचा तो व्हिस्की-चॉकलेटचा कार्यक्रम मी का सोडला, विचारता ना? सांगतो. पर्यटकांना आधी चॉकलेट जिभेवर विरघळू द्यायला सांगायचं, मग त्यावर व्हिस्कीचा घोट घ्यायला लावायचा, हे माझं काम.

त्या दिवशी ब्राह्मणपुरीकडचे एक काका येऊन बसले. काकू तलावावर फिरायला गेल्या होत्या.

काका म्हणाले, "माले फक्त चॉकलेट दे भाऊ. मी पेत नही."

मला वाटलं, लाजतायत. बाकीचे पाहुणे हसायला लागले, तसा मलाही चेव आला. "एक घोट ल्या ना काका, काय व्हस?"

काकांनी ग्लास बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग एका दमात संपवला. चॉकलेट बशीत तसंच राहिलं. "आखो दे," म्हणाले. मी आणखी ओतली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातली बाटलीच ओढून घेतली.

काकू परत आल्या आणि दारातच थबकल्या. ओरडल्या नाहीत. मला विचारलं, "तू दिधी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"सहा वरीस व्हयनात याले सोडाले. डॉक्टरनी सांगेल शे, आते पिधी ते वाचनार नही."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. मुलगी रोज संध्याकाळी वडिलांशी बोलायची. काकूंनी फोन उचलला आणि सरळ माझ्या हातात दिला.

"आते तूच सांग तिले."

पलीकडून आवाज आला, "पप्पा, चहा पिधा का?"