तीनदा तपासल्याशिवाय शिक्का नाही

...झाड! चारही कॉलेजांच्या माहितीपुस्तिकांवर झाड! आणि झाडाखाली तीन पोरं बसून खिदळतायत... अरे, पण कुणाला हसताय? ते कुठेच छापलेलं नाही! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे, दुकानदाराचा अंगठा पारड्याला कुठून टेकलाय ते मला दारातूनच दिसतं, पण या लिबरल आर्ट्सवाल्यांचा अंगठा काही सापडेना! आमच्या मुलीला एक सोडून चार कॉलेजांनी प्रवेश दिलाय. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत एकाला होकार कळवायचा, नाहीतर चारही जागा गेल्या. आणि हे शिकवतात काय? तर विचार करायला शिकवतात म्हणे!

म्हणजे आमच्या घरात आजवर काय चुलीत घातला होता विचार?

बायको म्हणाली, "अहो, तिला हवं ते घेऊ दे ना." घेऊ दे काय? आमच्या खात्याची एक पद्धत आहे, वजन तीनदा ठेवायचं, काटा तीनदा वाचायचा, मगच शिक्का! तशी मी सोमवारी पहिली फेरी सुरू केली. चारही ठिकाणी फोन, प्रश्न एकच : "तुमच्याकडे शिकून मुलगी होणार काय?" पहिल्या कॉलेजातली बाई मधात जीभ बुडवून म्हणाली, "सर, ती प्रश्न विचारायला शिकेऽऽल..." अहो बाई, दीड वर्षाची असल्यापासून विचारतेय, आम्हीच उत्तरं द्यायचे थांबलोय! दुसरीकडे म्हणे, "ती स्वतःला शोधेल." हरवली कधी? जेवायला हाक मारली की पहिली हजर! तिसऱ्यानं तारे, नाटक आणि मातीची भांडी असं सगळं एकाच वर्षात शिकवतो म्हणून सांगितलं; मी म्हटलं, "आणि केस कापायला?" तर म्हणतो, "चांगली सूचना आहे, लिहून घेतो." दोन-दोन मिनिटांत तिघेही गार!

आणि चौथा! चौथा जांभई देत म्हणाला, "होणार म्हणजे काय हो, साहेब? तुम्ही निरीक्षक एके दिवशी झालात, की हळूहळू होत गेलात?" ...हे मला! पाऊण तास भांडलो मी त्या माणसाशी, कान तापला, चहा निवला, आणि शेवटी फोन ठेवताना "पुन्हा बोलू, मजा आली" हे तोच म्हणाला! विचार करायला शिकवतात म्हणे!

बुधवारी दुसरी फेरी, पुन्हा तेच. शुक्रवारी तिसरी. तिघे झटपट उरकले, चौथ्याला फोन लावला तेव्हा सव्वाचार. म्हटलं, दोन मिनिटांत याला झोपवतो. मी एक बोललो, तो एक बोलला, मी टेबलावर मूठ आपटली, तो हसला... फोन ठेवून घड्याळ बघतो तर पाच वाजून दहा मिनिटं!

पायाखालची जमीन सरकली हो! पोरीच्या चारही जागा माझ्या जिभेनं खाल्ल्या! धावत तिच्या खोलीत गेलो, तर ती शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसलेली.

"बाबा, मी मंगळवारीच कळवलं."

"कुणाला?"

"चौथ्याला."

"त्या जांभईवाल्याला? अगं, त्यानं मला वेड्यात काढलं!"

"म्हणूनच! तुमच्यापुढे तिघे दोन मिनिटं टिकले नाहीत, तो पाऊण तास टिकला. याहून काय तपासायचं?"

"मग बुधवारी आणि आज मी काय करत होतो?"

"काही नाही... तुम्हाला मजा येत होती, म्हणून बोलले नाही."

मागे दारात बायको उभी. म्हणजे हिलाही ठाऊक होतं! दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि जे हसत सुटल्या...

विचार करायला शिकवतात म्हणे! शिकवू देत बापडे. त्या झाडाखालची पोरं कुणाला हसतायत, एवढं मात्र मला न शिकता कळलं.