अंजलैसाठी वकील

(चेन्नईतल्या अड्यारमधलं वकिलाचं ऑफिस. वकील अदितीसमोर वादिराज आणि त्यांची मुलगी नित्या बसलेत. बाहेरच्या खोलीत कारकून टाइप करतोय.)

वादिराज: तें दार लावतां कां जरा, वकीलम्मा?

अदिती: राहू द्या हो काका, एसी बंद पडलाय, गुदमरायला होईल. आणि आमच्या कारकुनांना मराठी कळत नाही.

वादिराज: तेंच बघून आलों. आमच्या तंजावूरवाल्यांतही वकील आहेत, हायकोर्टापर्यंत. पण अस्के सोयरे, एकही परका नाहीं. एकाला सांगितलें कीं दिवेलागणीच्या आंत मद्रासभर झालें.

अदिती: म्हणजे मी नगरची, तुमच्यातल्या कुणाला ओळखत नाही, हीच माझी मोठी डिग्री! बरं, मघाशी काय सांगत होतात? घरकामाची बाई?

वादिराज: अंजलै. जेलांत आहे. चोरीची केस. तिला चांगला वकील हवा. फी मीं देतों, काय असेल ती. माझें नांव मात्र कोठें येवूं नये.

अदिती: कलम कुठलं लावलंय?

नित्या: तीनशे सहा, मॅडम. एफआयआरचा फोटो आहे माझ्याकडे. तमिळ आहे, वाचून दाखवू?

अदिती: वाचाल मग. नव्या न्याय संहितेतलं तीनशे सहा म्हणजे नोकरानं मालकाच्या वस्तूची चोरी केली. साधी चोरी नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

वादिराज: सात! अय्यो. मला वाटलें, स्टेशनांत बसवून विचारतील आणि सोडून देतील.

अदिती: सगळ्यांना असंच वाटतं. हा अजामीनपात्र गुन्हा आहे काका. स्टेशनातून सुटता येत नाही, मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करावा लागतो. आणि जामीन मिळाला तरी केस संपत नाही. ती आपली तारखा घेत फिरत राहते. तेवढ्यात दुसरं घर तिला कामावर ठेवणार आहे थोडंच? फिर्याद कुणी दिली?

नित्या: अप्पा, सांगा.

अदिती: काका?

वादिराज: मींच.

अदिती: तुम्हीच तिला आत टाकलंत आणि तुम्हीच तिला वकील लावताय?

नित्या: चेन मिळाली मॅडम. अम्माची चेन. घरातच होती.

अदिती: देवा! कुठे?

वादिराज: सोवळ्यांत. आमच्या स्वैंपाकखोलीच्या वर दांडी आहे, तिच्यावर सोवळ्याची साडी घडी घालून असते. आम्हीं कोणी पारोसे तिला शिवत नाहीं, काठीनें काढतों. शुक्रवारीं तेल लावून न्हातांना चंद्रिकेनें, माझ्या पत्नीनें, चेन काढली आणि त्या घडींत ठेवली. कोणी हात लावीत नाहीं ना, तेथें राहील नीट म्हणून. आणि विसरली. आतांशा विसरते ती.

अदिती: सापडली कधी?

वादिराज: वडिलांच्या श्राद्धाला. पहांटे साडी ओढली तशी चेन खालीं पडली. चंद्रिकेनें ती उचलली. मीं म्हटलें, आतां काहीं बोलूं नकोस, ब्राह्मण यायचे आहेत. वडे तळायचे आहेत.

नित्या: आणि वडे तळले! मला काल सांगितलं मॅडम. मी अंबत्तूरहून आले तेव्हा अम्मा रडून रडून सुजली होती. चेन हातात धरून बसली आहे, घालत नाही.

अदिती: तक्रार देण्याआधी घर शोधलं नव्हतं का?

वादिराज: अस्कें शोधलें. डाळीचे डबे उलथे केले. दांडी तेवढी सोडली. पोलीस आले, त्यांतल्या एकाने वर हात केला, तर मींच ओरडलों, शिवूं नका, सोवळें आहे, तेथें परकें माणूस जात नाहीं.

अदिती: अंजलै जायची?

वादिराज: छे छे! उंबऱ्याच्या आंत पाऊल नाहीं तिचें. ही शाळेंत होती तेव्हांपासून ती काम करते, पण त्या खोलींत नाहीं. तेथला केर चंद्रिकाच काढते.

अदिती: ऐकताय ना काका, काय बोलताय ते? जिथे तिला जायची बंदी, तिथे चेन. आणि चोर कोण, तर ती!

वादिराज: ऐकतों आहें. रोज ऐकतों. संध्या करायला बसलों कीं हेंच ऐकूं येतें.

अदिती: मग त्याच दिवशी पोलिसांना का नाही सांगितलंत?

वादिराज: कोणत्या तोंडानें सांगूं? लिफ्टपाशीं तिची पिशवी ओतली होती मीं, अस्क्या फ्लॅटवाल्यांसमोर. डबा, विड्याची पानें, फणी. ती नुसती म्हणाली, “ऐया, मी?” बाकी काहीं नाहीं. मग खालीं बसून फणी उचलायला लागली, तर मीं फणी पायानें सरकवली.

नित्या: अप्पा! हे नाही सांगितलं तुम्ही.

वादिराज: आतां सांगतों आहें ना. लाज वाटते ग. मरणाची लाज वाटते. म्हणून म्हटलें, हुशार वकील द्यावा, पुरावा नाहीं म्हणून सुटेल, आणि कोणाला काहीं कळायला नको.

अदिती: म्हणजे फी देऊन माझं तोंड उघडायचं, तुमचं मिटलेलंच ठेवायला.

नित्या: मॅडम, प्लीज. त्यांचं वय बघा.

अदिती: वय बघूनच इतकं हळू बोलतेय. बरं, नीट ऐका. तक्रार दिलीत तेव्हा तुम्हाला ती खरी वाटत होती. ती चूक झाली, गुन्हा नव्हे. चेन सापडल्यावर गप्प बसलात, हे वाईट आहे, पण अजून निस्तरता येईल. उद्या जाऊन खरं सांगा. ती जामिनावर सुटेल, पुढे केसही मिटेल. तुम्हाला चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, इतकंच.

नित्या: बघा अप्पा! एवढंच आहे. उगाच घाबरत होता.

वादिराज: एवढेंच नाहीं.

नित्या: म्हणजे?

वादिराज: सब-इन्स्पेक्टरने विचारलें, तुम्हीं बघितलें कां तिला? नुसत्या संशयावर काय लिहूं, म्हणाला. मला तेव्हां खात्रीच होती. मीं म्हटलें, हो, बघितलें. कपाटांत हात घालतांना बघितलें.

नित्या: आणि बघितलं नव्हतं?

वादिराज: मीं तेव्हां बाल्कनींत पेपर वाचत होतों, मा.

अदिती: थांबा. आता एक शब्द बोलू नका काका. आधी ठरवा, हे मी कुणाची वकील म्हणून ऐकलं? तुमची म्हणून असेल तर ते या खोलीतच राहील, पण मग अंजलैची केस मला घेता येणार नाही. तिच्यासाठी दुसरं कुणी बघा. आणि तिची व्हायचं, तर वकालतनाम्यावर अंगठा तिचा लागेल, तुमची सही नाही. शिवाय तुम्ही आधी मला मोकळं करायचं, की हे सगळं मी वापरू शकते. वापरायचं झालं तर मी तुम्हालाही सोडणार नाही. पोलिसांना जाणूनबुजून खोटं सांगितल्याची केस तुमच्यावर होऊ शकते.

नित्या: जेल?

अदिती: होऊ शकते. या वयात बहुतेक कुणी आत पाठवणार नाही. पण कोर्टात उभं राहावं लागेल. आणि तिथे जबाब तमिळमध्ये.

नित्या: अप्पा, मॅडमना आपलीच वकील राहू दे. बाल्कनीचं नका सांगू ना! चेन मिळाली एवढं सांगू, अंजलै सुटेलच. का उगाच?

वादिराज: आणि तो कपाटांतला हात?

नित्या: तो विसरतील लोक.

वादिराज: फ्लॅटवाले नाहीं विसरायचे. चेन मिळाली तरी म्हणतील, वादिराज रावांनीं डोळ्यांनीं बघितलें होतें, घेतली असेल आणि भिऊन ठेवली असेल परत. तो हात तिला जन्मभर चिकटेल ग. मींच चिकटवला.

अदिती: पाणी घ्या काका. आजच ठरवायला पाहिजे असं नाही.

वादिराज: आजच. आज रात्रींही ती तेथेंच निजणार ना? तुम्हीं तिच्या व्हा, वकीलम्मा. ही म्हणते तसें नको. मोकळें केलें मीं तुम्हांला. लिहून देतों.

अदिती: आणि तुम्हाला कोण? तुम्हालाही वकील लागणार.

वादिराज: सुधींद्र आहे, माझ्या मेव्हणीचा मुलगा, तोही वकील. त्याच्याकडे जातों.

नित्या: सुधींद्र! अप्पा, त्याची बायको सगळ्यांना सांगेल.

वादिराज: सांगूं दे. मला तेवढे फोन करावे लागणार नाहींत.

अदिती: उद्या सकाळी मी तिला जेलमध्ये भेटते. अर्जाच्या दिवशी तिला कोर्टात आणतील, बाहेरच्या बाकावर बसवतील. तुम्हालाही तिथे थांबावं लागेल.

वादिराज: समोरासमोर?

अदिती: समोरासमोर.

वादिराज: मग तिला एक निरोप सांगाल कां? मीं आलों कीं ती उठून उभी राहील, तिला सवय आहे. बसून रहा म्हणावें. त्या दिवशीं उभें मीं राहीन.