आपला आधी विचारतो

आई: हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. सकाळपासून तीनदा झालं.

मुलगी: पुन्हा गेम लावला?

आई: लावतात, तो आधी पुस्तकातला शब्द विचारतो, यांना आठवत नाही. मग येतं ते लाल अक्षरांत.

मुलगी: ‘ही प्रत चोरीची आहे.’

आई: तेच. मग माझ्याकडे येतात चेहरा पाडून. म्हणतात, मी कुणाचं काही घेतलेलं नाही गं. अख्खी नोकरी गोदामाच्या किल्ल्या सांभाळल्या, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही, आणि आता हे ऐकायचं. तेही एका खेळाकडून. थोड्या वेळाने विसरतात, पुन्हा लावतात. दर वेळी नव्याने लागतं त्यांना. मला बघवत नाही.

मुलगी: विकत घेतलाय तो. मी होते दुकानात बाबांबरोबर.

आई: मला काय सांगतेस? त्याला सांग.

मुलगी: गेमबरोबर आलेलं ते पुस्तक मिळालंच नाही ना?

आई: घर बदललं तेव्हाच गेलं ते. मला वाटलं, चला, सुटले या जहाजांच्या खेळाच्या खुळातून. कसलं काय. पुस्तक यांना तोंडपाठ होतं.

मुलगी: मी स्क्रीनवरचं वाचायचे, पान अमुक, ओळ तमुक. बाबा दाढी करता करता आतून शब्द सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. चोरून घेतलेल्याकडे पुस्तक नसतं, म्हणून कंपनीवाले असं विचारायचे. हरवलेल्याचा विचार कुणी केलाच नाही.

आई: त्या कंपनीला फोन करणार होतीस.

मुलगी: कंपनीच बंद पडली. लावून गेलेत कुलूप, आता कुणाला विचारणार?

आई: मग काढूनच टाक. सांगू बिघडला म्हणून.

मुलगी: दिवसभर काय करतील मग?

आई: खिडकीत बसतील. कामावर कधी निघायचं म्हणून माझा जीव खातील. गेमसमोर बसले की निदान माणसात असतात गं. कुठल्या जहाजात काय भरलंय, कुठल्या बंदराला चाललंय, सगळं नीट सांगतात. परवा माझं नाव आठवेना. जहाजांची आठवतात.

मुलगी: आई.

आई: जाऊ दे. तू काय आणलंयस म्हणालीस?

मुलगी: नेटवर मिळाला. तोच गेम, कुणीतरी तो प्रश्न काढून टाकलाय. लावला की थेट बंदर. बाबांची जुनी जहाजंही मी घातलीत त्यात.

आई: म्हणजे चोरीचा.

मुलगी: हो.

आई: वा. विकत घेतलेला ‘चोर’ म्हणतो आणि चोरीचा ‘या, बसा’ म्हणतो. लाव. मला काही विचारू नकोस.

(दुपार. बाबा कॉम्प्युटरसमोर.)

बाबा: हे काय, बंदर आलं.

मुलगी: तुमचंच, बाबा. ती बघा सगळी जहाजं.

बाबा: पण विचारलं नाही.

मुलगी: आता नाही विचारत.

बाबा: असं कसं? आपला आधी विचारतो. आपण सांगायचं, मग आत घेतो. हा आपला नाही.

मुलगी: आपलाच आहे.

बाबा: कुणाचा आणलास?

मुलगी: तुम्ही दुकानातून घेतलाय, बाबा. मी होते बरोबर.

बाबा: तो घेतला. हा नाही. बाळ, जिथून उचललास तिथे ठेवून ये. कुणी रागावणार नाही. मी येऊ का बरोबर?

आई: अहो, खेळा की. पोर किती धडपडतेय तुमच्यासाठी.

बाबा: दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत नाही. तुला माहीत आहे. बंद करा ते.

मुलगी: करते, बाबा. तुम्ही म्हणता तेच खरं, चुकीचा लागला. उठू नका, आपला लावते.

आई: अगं, तो लावलास की पुन्हा तेच लाल.

मुलगी: लावत नाहीये. नुसती स्क्रीन बंद केलीय, मागे नवाच चालू आहे. मीच विचारते.

आई: आणि नाही सांगता आलं तर?

मुलगी: बघू. बाबा, लागला. जरा अंधार आहे, पण विचारतोय.

बाबा: हां. आता कसं. वाच.

मुलगी: पान नऊ. ओळ सहावी. शब्द पहिला.

बाबा: नऊ. थांब, जिभेवर आहे. वर नांगराचं चित्र होतं, त्याच्या खाली.

मुलगी: सावकाश. घाई नाही.

बाबा: तू सांगू नकोस.

मुलगी: नाही सांगत.

आई: अहो, सुचेल ते सांगून टाका.

बाबा: सुचेल ते कसं सांगायचं? ज्याचं आहे त्याला बरोबर माहीत असतं.

आई: मी आत जाते. मला नाही बसवत इथे.

बाबा: नांगर. खाली चार ओळी. मग पान उलटायचं. नाही, त्याच्या आधी. आधी काय होतं?

मुलगी: बाबा, काय लिहू?

बाबा: आठवत नाही गं.

मुलगी: आठवत. नाही.

बाबा: लिहिलंस?

मुलगी: हो. बरोबर आहे, बाबा. उघडलं.