पूजेत पडलेला टॅब

अभ्यास टॅबवर करावा का पुस्तकावर, हे मले विचारा. मागच्या वर्षी मी टॅब घेतला अन् सारी पुस्तकं रद्दीत देऊन टाकली. दसऱ्याच्या सकाळी आई म्हणे, "पुस्तकं आण गा, पूजेत मांडतो."

"पुस्तकं आता या टॅबमध्येच आहेत," मी म्हटलं.

"मंग तोच आण."

टॅब देऊन मी आंघोळीले गेलो. परत येऊन पाहतो तर टॅब पाटावर, सरस्वती काढलेल्या पाटीच्या बाजूला. त्याच्यावर हळद, कुंकू, झेंडू, अन् फुलानं शिंपडलेलं पाणी नेमकं चार्जिंगच्या भोकात! टॅब जो बंद पडला तो पडलाच. परीक्षा आठ दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी धरमपेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडला. आत सगळं लाल.

"पाण्यात पडला होता काय?"

"नाही भाऊ, पूजेत."

घरी येऊन मी आईवर चिडलो, "काहून शिंपडलं वं पाणी?"

आई शांतपणे म्हणे, "पहिलीपासून दर दसऱ्याले तुझ्या पुस्तकांवर शिंपडून राहिली मी. एक तरी बंद पडलं काय?"