भिंतीवरचे दोन पट्टे

शेड कार्डाचं कौतुक मला सांगूच नका. ते आमच्या अंबरपेठच्या घरात शिरलं आणि हॉल रंगवायचाच राहिला. आईला आकाशी हवा, बायकोला आंब्यासारखा पिवळा. पेंटर युसूफभाईंनी समोरच्या भिंतीवर दोन रंगांचे दोन पट्टे मारले आणि म्हणाले, "साब, फैसला हुआ तो बुलाव."

फैसला कसला होतोय! पाहुणा आला की चहाआधी त्याचं मत घ्यायचं.

आई म्हणायची, "निळा कसा शांत वाटतो, नाही?"

बायको म्हणायची, "शांत नाही, दवाखाना वाटतो."

हळूहळू पाहुणे यायचे बंद झाले. मी पार थकलो. शेवटी केबल घेतली आणि नवा कलर टीव्ही त्या पट्ट्यांसमोर उभा केला. सासू-सून एका सोफ्यावर बसून सिरियल बघायला लागल्या.

परवा ऐन सिरियलमध्ये लाइट गेली. बायकोनं मेणबत्ती आणून टीव्हीवर ठेवली. मागून दोन्ही पट्ट्यांच्या कडा दिसायला लागल्या.

आई म्हणाली, "बघ गं, मेणबत्तीत निळाच खुलतो."

मी चाचपडत उठलो आणि वीज ऑफिसला फोन लावला, "साब, लाइट जल्दी छोडो. अम्मां और बीवी फिर दीवार देख रईं."