घाटाआधीचा घोट

—नाय नाय मेस्त्री, प्लगला हात लावू नका, प्लग मी सकाळीच काढून पुसलेत. तुम्ही नाशकाहून आलात, चार गाड्या जास्त बघितल्यात, मान्य— पण ही माझ्या हाताखालची आहे, हिचं दुखणं मी जाणतो. ऐका ना आवाज— फट, फट, मग एक ठसका, मग परत फट. ठसका आला की मागच्या हौदाच्या फळ्यासुद्धा खडखडतात. मुंबईला कुणाची तरी बसायची मोटार होती म्हणे ही, शेठनं घेतली, मागची बैठक कापली, लाकडी हौद ठोकला, आणि आता जव्हारहून मोखाड्याला मीठमिरची नेते, येताना भात आणते, नागली आणते. म्हातारी आहे पण हिमतीची. एकेका प्लगची वायर काढून बघितली मी— मेलेल्याची वायर काढली तर आवाजात फरक पडत नाय, एवढं आपल्याला पण कळतं— तर काय, आज पहिला मेलेला, उद्या तिसरा. म्हणजे रोग प्लगचा नाय. मग कशाचा? पेट्रोलचा. शेठना मी तेच सांगितलं.

आता टाकीच्या तळाचं काढलंत ना, ती बाटली उजेडात धरा. दिसलं? वर पिवळसर आणि खाली वेगळंच, पांढरं. काय आहे ते? पाणी. दुसरं काय असणार? पेट्रोलचे डबे कोठीत, कोठीची किल्ली वामनच्या कमरेला, सकाळी टाकीत ओतणार पण तोच— मग पाणी काय आभाळातून पडलं? वामन म्हणजे माझा मेहुणा हो, धाकट्या बहिणीचा, हिरीचा नवरा. आपलं माणूस म्हणून झाकायचं का? मी नाय झाकलं. शेठनं किल्ली काढून घेतली, म्हणाले मेस्त्री येऊ दे, पाणी निघालं तर बिऱ्हाड उचल आणि खोडाळ्याला आपल्या भावाच्या दारात जा. आता निघालं, त्याला मी काय करू. राग? माझा कसला राग त्याच्यावर. एकदा म्हणाला, तुका, चाक हातात धरलंस तरी तू गाडीवानच. सगळे हसले, मी पण हसलो. विसरलो ते. ओट्यावर शेठ बसलेले होते, राजवाड्यातल्या मोटारीचा ड्रायव्हर पण उभा होता, त्याच्यासमोर म्हणाला— पण विसरलो मी.

कुठं बिघडते ते पण सांगतो. कोठीपासून निघते ना, काय सुंदर चालते, काही विचारू नका. सपाटीवर कुरकुर नाय, आजच काय ती उभ्या जागी ठसकली. वाघोबाच्या धोंड्यापाशी थांबते, आणि तिथून पुढं चढ लागला की झाले हिचे ठसके सुरू. —थांबतो कशाला म्हणजे? वाघोबापाशी न थांबता घाटात कोण जातो? तुमच्या नाशकात जात असतील. मोटार यायच्या आधी मी बैलगाडी हाकत होतो शेठची. धोंड्यापाशी गाडी सोडायची, देवाला मोहाच्या दारूची धार टाकायची, मग बैलांना एकेक घोट, आणि उरली तर आपण. बैलाला कोरड्या तोंडानं घाट चढवायचा म्हणजे पाप आहे मेस्त्री. मग हिनं काय घोडं मारलंय? पहिल्यांदा मी चाकावर ओतत होतो. तर हिरी म्हणाली, दादा, बैलाच्या खुरावर ओतत होतास का कधी? खरंच की. मग टाकीचं झाकण उघडून तोंडात पाजायला लागलो. थोडीशीच हो. म्हणजे ठसकायला लागल्यापासून जरा जास्त— आजाऱ्याला जास्तच लागते ना. आणि भलतीसलती नाय, हिरीच्या हातची. तिच्या दारूला जरा करपल्याचा वास असतो, तो तिचाच. गावातल्या सगळ्या घरच्या बाटल्या आणून ठेवा, डोळे झाकून हिरीची काढून देतो.

काय झालं? हात का थांबला तुमचा?

हुंगू? कशाला हुंगू, पाण्याला कुठं वास असतो. —बरं, द्या. पेट्रोलचाच वास येतोय. वर पेट्रोल आहे म्हटल्यावर तोच येणार. —ओतून टाकलंत वरचं? आता खालचं? अहो, मला पडसं आहे दोन दिवस, मला काय कळणार. बरं, बोटावर घेतो.

…

करपलंय जरा.

मेस्त्री, असं बघू नका माझ्याकडं. शेठना काय सांगणार तुम्ही? नाय, तसं बघितलं तर मोहाच्या दारूत निम्मं पाणीच असतं, म्हणजे टाकीत पाणी निघालं म्हणालात तर ते काय अगदी खोटं होत नाय— नाय म्हणता? बरं. मी आपलं बोलून बघितलं. वामन घरी तोंड फिरवून निजतो म्हणे, जेवत नाय. मला वाटलं चोराचं मन खातंय त्याला.

ती बघा कोण येतेय बांधावरून. हिरी. माझी भाकरी आणते रोज. माझ्यामुळं नवरा घरी बसला, तरी आणते. टोपलीत बाटल्या दिसतात का हो? दोन दिसतात ना? एक रोजची. दुसरी— सकाळी म्हणत होती, दादा, आज मेस्त्री येणार, आज गाडीला पोटभर पाज, म्हणजे त्यांच्यासमोर नीट चालेल आणि आमच्या घरावरचा आळ जाईल. रात्रभर भट्टीपाशी बसली असणार पोर.

तुम्ही जा मेस्त्री. खाली ओढा आहे, हात धुऊन या. जा म्हणतो ना— नाय, ती टाकीच्या तळाची बाटली नका नेऊ, ती इथं ठेवून जा, हिरीला हुंगायला द्यायचीय.